स्लाइड शोच्या चकत्यांना लेबल : अल्प खर्चात नेटके आणि टिकाऊ काम

चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीच्या पलीकडे वसलेले राजुरा हे तालुक्याचे ठिकाण आहे. अशा गावांतून अल्प भांडवलावर घरच्या घरी करता येण्याजोग्या व्यवसायांत छायाचित्रांच्या स्लाइड शोचा समावेश होतो. लग्न, बारसे, शाळेचे स्नेहसंमेलन, शिक्षकांचा निरोप समारंभ, ग्रामपंचायतीच्या कामांचे उद्घाटन अशा प्रसंगांची छायाचित्रे क्रमाने लावावयाची, त्यांना निवेदनाची व संगीताची जोड द्यावयाची आणि तयार झालेली मालिका सीडी, डीव्हीडी किंवा पेनड्राइव्हवर उतरवून ग्राहकाच्या हाती द्यावयाची, असे या व्यवसायाचे स्वरूप आहे. घरात एक संगणक असला की कामास प्रारंभ करता येतो.

या कामात छायाचित्रांची निवड, मांडणी व संगीत यांवर पुष्कळ परिश्रम घेतले जातात. लेबलचा विचार मात्र बहुधा अखेरीस, घाईने केला जातो. वस्तुतः ग्राहकाच्या हाती प्रथम पडते ते लेबल, आणि दहा वर्षांनी कपाट उघडल्यावर आतील ऐवज कोणता हे सांगते तेही लेबलच. अनेक शाळांच्या व कार्यालयांच्या कपाटांत आजही नाव, गाव, तारीख काहीही नसलेल्या चकत्यांचे गठ्ठे पडून असतात. त्यांतील माहिती नष्ट झालेली असतेच असे नाही. पण ती कोणाची व कधीची हे सांगता येत नसल्याने तिचा उपयोग उरत नाही. उलट, आकर्षक दिसावे म्हणून चिकटविलेल्या कागदामुळे चकतीच निकामी होते, असेही घडते. चांगल्या लेबलने ओळख द्यावी, ती टिकवावी आणि चकतीला इजा करू नये, ही तीन पथ्ये पाळली तर अल्प खर्चातही व्यावसायिक दर्जाचे काम करता येते.

जुनी परंपरा

पडद्यावर चित्रे दाखवून उपजीविका करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवीन नाही. कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरील हस्तचित्रांचे प्रयोग सुरू केले. रामायण-महाभारतातील कथा दिव्याच्या प्रकाशात पडद्यावर दिसत आणि त्यांना निवेदनाची व गीतांची साथ असे. पुढे त्यांच्या पुत्रांनीही हे काम चालविले. एका कुटुंबाने घरात उभारलेला हा स्लाइड शोचा व्यवसायच होता.

चित्रदीपाच्या काचा उलट्या करून यंत्रात घालाव्या लागत. अंधारात हाताळताना काच उलटसुलट लागू नये म्हणून तिच्या कोपऱ्यात एक लहानशी खूण करण्याची पद्धत जगभर रूढ होती. चालकाचा अंगठा त्या खुणेवर आला की काच योग्य बाजूने धरली आहे, हे त्याला न पाहता समजे. पुढे पारदर्शिकांच्या काळातही ही अंगठ्याची खूण कायम राहिली. केवळ एक ठिपका हेसुद्धा लेबलच होते. शोभा त्याला नव्हती, पण त्यावाचून प्रयोग पार पडत नसे.

गाण्याच्या तबकड्यांचा इतिहासही हेच सांगतो. १९०२ मध्ये कोलकाता येथे गौहर जान यांचे गायन ध्वनिमुद्रित झाले. त्या काळच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत. गायनाच्या अखेरीस गायिका स्वतःचे नाव उच्चारीत असे. दूरदेशीच्या कारागिरांना तबकडीवर योग्य नावाचे लेबल लावता यावे, हा त्यामागील हेतू असल्याचे सांगितले जाते. ज्याला गायिका ठाऊक नाही, भाषा कळत नाही, त्यालाही ओळख पटली पाहिजे, हे तत्त्व आजच्या चकतीलाही तितकेच लागू आहे.

चकतीची रचना

लेबल कोठे व कसे लावावे हे ठरविण्यापूर्वी चकतीची रचना समजून घेणे आवश्यक आहे. सीडी व डीव्हीडी या दोन्हींचा व्यास १२० मिलिमीटर, जाडी सुमारे १.२ मिलिमीटर आणि मधल्या छिद्राचा व्यास १५ मिलिमीटर असतो. दिसण्यात सारख्या असल्या तरी त्यांची अंतर्रचना भिन्न आहे.

सीडीमध्ये माहिती साठविणारा थर लेबलच्या बाजूस, पातळ लाखेसारख्या लेपाच्या अगदी खाली असतो. यंत्राचा प्रकाशकिरण खालच्या बाजूने येत असल्याने लोक खालची बाजू जपतात आणि वरच्या बाजूस निष्काळजीपणे बॉलपेनने लिहितात. प्रत्यक्षात सीडीची वरची बाजूच अधिक नाजूक असते. खालच्या बाजूचा बारीक ओरखडा कित्येकदा पुसून किंवा घासून काढता येतो. वरून थर खरवडला गेला तर त्या ठिकाणची माहिती कायमची जाते.

डीव्हीडीमध्ये ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटविलेल्या असतात व माहितीचा थर त्यांच्या मधोमध असतो. त्यामुळे वरचा ओरखडा तिला तितकासा बाधत नाही. तथापि तिच्यावरील माहिती अधिक दाट असल्याने चकती किंचित वाकली किंवा तिचा तोल ढळला तरी वाचन अडखळते. सीडीची क्षमता साधारण ७०० मेगाबाइट, तर एकेरी थराच्या डीव्हीडीची ४.७ गिगाबाइट असते, यावरून हा फरक ध्यानात येईल.

लेबलच्या चार पद्धती

पहिली पद्धत हस्तलेखनाची. ही सर्वांत स्वस्त असून नीट केल्यास सर्वांत सुरक्षितही आहे. त्यासाठी मऊ टोकाचा, पाण्यात विरघळणाऱ्या शाईचा, चकतीवर लिहिण्यासाठी म्हणून विकला जाणारा मार्कर वापरावा. तीव्र वासाच्या द्रावकयुक्त शाईचे मार्कर टाळावेत. ती शाई कालांतराने लेप भेदून आत उतरण्याचा संभव असतो. बॉलपेन व पेन्सिल पूर्णतः वर्ज्य समजावी. छिद्राभोवतीच्या पारदर्शक वर्तुळात माहिती साठविलेली नसते. अनुक्रमांक व तारीख तेवढ्या जागेत लिहिली तर धोका जवळजवळ उरत नाही.

दुसरी पद्धत चिकटणाऱ्या गोल कागदाची, म्हणजे स्टिकरची. दिसावयास ती आकर्षक व प्रथमदर्शनी स्वस्त वाटते. परंतु तीच सर्वांत घातक आहे. चकती यंत्रात मिनिटाला काही हजार फेऱ्यांच्या वेगाने फिरते. कागद मध्यापासून केसभर सरकला तरी तोल बिघडतो, चकती थरथरते व चित्र अडखळते. पावसाळ्यातील दमटपणाने कागद फुगतो, उन्हाळ्यातील उष्णतेने गोंद सैल होतो. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात तापमान ४६ ते ४८ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. पत्र्याच्या कपाटात किंवा मोटारीत ठेवलेल्या चकतीवरील कागदाच्या कडा उचलल्या जाणे हे स्वाभाविक आहे. असा सुटलेला कागद यंत्रात अडकतो. तो ओढून काढावयास गेल्यास सीडीचा थरही त्यासोबत निघून येतो. म्हणून एकदा चिकटविलेला कागद कधीही सोलू नये. प्रथम चकतीची प्रत काढून घ्यावी. डीव्हीडीस तर स्टिकर लावूच नये.

तिसरी पद्धत चकतीवर थेट छपाईची. बाजारात वरची बाजू पांढरी, शाई शोषून घेणारी असलेल्या ‘प्रिंटेबल’ चकत्या मिळतात. त्या छापण्यासाठी चकती ठेवण्याचा ट्रे असलेले इंकजेट छपाईयंत्र लागते. अशा काही यंत्रांवर प्लास्टिकची ओळखपत्रेही छापली जातात. त्यामुळे केवळ चकत्यांसाठी स्वतंत्र यंत्र विकत घेण्यापूर्वी, ओळखपत्रे छापून देणाऱ्या जवळच्या केंद्रात ही सोय आहे काय, याची चौकशी करणे हिताचे ठरेल. महिन्याला मोजक्याच चकत्या लागत असतील, तर त्या बाहेरून छापून घेणे परवडते. छपाईनंतर चकत्या एकावर एक न रचता एक दिवस वाळू द्याव्यात. या शाईवर ओला हात लागला तर ती पसरते, ही सूचना ग्राहकासही द्यावी.

चौथी पद्धत स्क्रीन प्रिंटिंगची. लग्नपत्रिका छापणाऱ्या कारागिरांना ती परिचित आहे. तिची छपाई टिकाऊ असते. परंतु प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी तयार करावी लागत असल्याने शेकड्यांनी प्रती असतील तरच ती किफायतशीर ठरते. लग्नाच्या चार-पाच प्रतींसाठी तिचा विचार करण्याचे कारण नाही.

खर्चाचा हिशेब

थोड्या खर्चात नेटकेपणा साधण्याचा मार्ग असा की, शोभा कव्हरवर असावी आणि ओळख चकतीवर. रंगीत छायाचित्र, नक्षी व मोठी अक्षरे कव्हरच्या कागदावर छापावीत. चकतीवर केवळ मार्करने स्वच्छ अक्षरांत आवश्यक तेवढाच मजकूर लिहावा. कव्हर चकतीस चिकटलेले नसल्याने त्यापासून अपाय होत नाही, आणि ते फाटले तर पुन्हा छापता येते.

प्लास्टिकच्या चौकोनी डबीतील पुढचा कागद सुमारे १२० मिलिमीटर लांबी-रुंदीचा असतो. ए-फोर आकाराचा कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असल्याने एका कागदावर असे दोन चौकोन बसतात. बाजूला ९० मिलिमीटर रुंदीची पट्टी उरते. तिच्यावर पाठीवरील नावपट्ट्या, पेनड्राइव्हसाठीच्या चिठ्ठ्या किंवा व्यवसायाची ओळखपत्रे छापून घेतली तर कागद वाया जात नाही. डीव्हीडीच्या उंच डबीचे कव्हर सुमारे २७३ बाय १८३ मिलिमीटरचे असल्याने ए-फोर कागदावर एकच बसते. ग्राहकास विशेष आग्रह नसल्यास चौकोनी डबी किंवा कागदी पाकीट निवडून छपाईचा खर्च निम्म्यावर आणता येतो. कागदी पाकिटावर व्यवसायाचे नाव व पत्ता असलेला रबरी शिक्का उमटविणे हा तर सर्वांत स्वस्त उपाय होय. मात्र हा शिक्का चकतीवर मारू नये.

दर ठरविताना चकती, डबी, कागद, शाई, वीज, वाया गेलेल्या प्रती आणि स्वतःचा वेळ हे सर्व घटक नोंदवहीत मांडावेत. लेबलचा खर्च वेगळा दाखविल्यास ग्राहकाला साधे व रंगीत असे दोन पर्याय देता येतात. व्यवसायाची केंद्र शासनाच्या उद्यम संकेतस्थळावरील नोंदणी विनाशुल्क होते. त्यासाठी मध्यस्थास पैसे देण्याची आवश्यकता नाही.

लेबलवरील मजकूर

लेबलवर किमान सहा गोष्टी असाव्यात : प्रसंगाचे नाव, स्थळ, दिनांक, एकूण चकत्यांपैकी ही कितवी, तयार करणाऱ्याचे नाव व संपर्क, आणि नोंदवहीतील अनुक्रमांक. उदाहरणार्थ, एखाद्या शाळेच्या चकतीवर शाळेच्या नावाखाली पुढील मजकूर येईल :

वार्षिक स्नेहसंमेलन, राजुरा
१८ जानेवारी २०२५
२ पैकी चकती १
नोंद क्रमांक २०२५/०७

‘स्नेहसंमेलन’ एवढेच लिहिलेली चकती पुढील वर्षीच निरुपयोगी होते, कारण तोपर्यंत दुसरे स्नेहसंमेलन झालेले असते. वर्ष चार अंकी लिहावे. हाच अनुक्रमांक नोंदवही, पावती व संगणकातील फोल्डर या तिन्ही ठिकाणी असावा; म्हणजे वर्षांनंतर ग्राहक दुसरी प्रत मागावयास आला तर शोध घेणे सोपे जाते. चकती तयार करताना तिला संगणकात दिसणारे नावही देता येते. ‘नवीन’ किंवा ‘माझी चकती’ असे नाव न देता तेथेही अनुक्रमांक व वर्ष द्यावे. बाहेरचे लेबल पुसले गेले तरी आतील ओळख शाबूत राहते.

भाषा आणि नावे

राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेनंतर तो नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये तत्कालीन चांदा जिल्ह्यास जोडण्यात आला. या इतिहासामुळे व भौगोलिक स्थानामुळे या भागात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी व कोलामी भाषाही नांदतात आणि नातेसंबंध राज्याची सीमा ओलांडून जातात. वधूपक्ष एका भाषेचा व वरपक्ष दुसऱ्या भाषेचा असल्यास कव्हरवर दोन्ही लिपींत नावे छापणे सौजन्याचे ठरते.

नावाचे लेखन कुटुंब ज्या पद्धतीने करते त्याच पद्धतीने करावे. आपल्या सवयीप्रमाणे ते ‘सुधारू’ नये. गोंडी किंवा तेलुगू आडनाव मराठी वळणाने लिहिले गेले तर ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला त्याचेच मन दुखावते. छपाईपूर्वी मजकुराचा कच्चा नमुना ग्राहकास दाखवून त्यावर स्वाक्षरी घ्यावी. एका कागदाच्या खर्चात संपूर्ण संचाची फेरछपाई टळते.

मराठी मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करावा. जुन्या पद्धतीच्या फाँटमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की अक्षरांची मोडतोड होते व छपाई केंद्रात ऐनवेळी खोळंबा होतो. जोडाक्षरे, रफार व अनुस्वार विशेष लक्ष देऊन तपासावेत. लहान वर्तुळात तीन-चार प्रकारची अक्षरे वापरण्याचा मोह टाळावा. एकच सुबक अक्षरवळण आणि भोवती मोकळी जागा यांनी काम अधिक व्यावसायिक दिसते.

कायद्याची बाजू

लेबलचा संबंध कायद्याशीही येतो. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ मध्ये १९८४ साली कलम ५२-अ समाविष्ट करण्यात आले. त्यानुसार ध्वनिमुद्रण प्रकाशित करताना ते तयार करणाऱ्याचे नाव व पत्ता, प्रतिलिप्यधिकार धारकाचे नाव व पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष हा तपशील ध्वनिमुद्रणावर व त्याच्या वेष्टनावर देणे बंधनकारक आहे. चित्रफितीच्या बाबतीत तयार करणाऱ्याचे व अधिकारधारकाचे नाव-पत्ते, आवश्यक परवानगी घेतली असल्याचे निवेदन आणि जेथे लागू असेल तेथे प्रमाणन मंडळाच्या प्रमाणपत्राची प्रत आवश्यक ठरते. जत्रेतील कार्यक्रम, दंडार किंवा गीते यांच्या चकत्या विक्रीसाठी काढावयाच्या असल्यास हे कलम नीट अभ्यासले पाहिजे.

लग्नाच्या स्लाइड शोला चित्रपटगीते जोडण्याचा प्रघात आहे. लग्नसमारंभात गाणे वाजविण्यास कायद्याने दिलेली सवलत निराळी आणि तेच ध्वनिमुद्रण चकतीवर उतरवून मोबदला घेणे निराळे. परवानगी घेतलेले संगीत वापरावे, किंवा कुटुंबातील स्त्रियांनी म्हटलेली लग्नगीते त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करून घ्यावीत. या दुसऱ्या मार्गाने कायद्याचे पालन होते, शिवाय त्या घरचे आवाजही जपले जातात. छायाचित्रांविषयीही सावधगिरी हवी. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा प्रथम हक्क, अन्यथा करार नसल्यास, ते काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणून एका ग्राहकाचे छायाचित्र दुसऱ्याच्या कव्हरवर किंवा व्यवसायाच्या जाहिरातीत संमतीवाचून छापू नये.

पेनड्राइव्ह व जतन

अलीकडील बहुतेक लॅपटॉप संगणकांत चकतीचा कप्पा नसतो. म्हणून ग्राहकाकडे चकती चालविण्याची सोय आहे काय, हे प्रथम विचारावे आणि आवश्यकतेप्रमाणे पेनड्राइव्ह द्यावा. वस्तू बदलली तरी लेबलचे नियम बदलत नाहीत. पेनड्राइव्हवर जागा अत्यल्प असल्याने त्यास दोऱ्याने लहान पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधावी व संपूर्ण तपशील तिच्यावर लिहावा. संगणकात दिसणारे त्याचे नाव साधारणतः ११ अक्षरचिन्हांत बसवावे लागते. अनुक्रमांकासाठी तेवढी जागा पुरेशी आहे.

चकत्या उभ्या, डबीत, ऊन व ओल यांपासून दूर ठेवाव्यात. घरी लिहिल्या जाणाऱ्या चकत्यांतील रंगद्रव्य सूर्यप्रकाशाने खराब होते. महत्त्वाच्या चकतीच्या किमान दोन प्रती असाव्यात आणि त्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. जुन्या चकत्या अद्याप वाचता येतात तोवर त्यांतील ऐवज संगणकावर उतरवून घेण्याचे कामही या व्यावसायिकांना मिळू शकते. अशा वेळी जुन्या लेबलवरील मजकूर जसाच्या तसा नव्या नोंदीत उतरवावा.

शाळा व ग्रामपंचायतींची भूमिका

या व्यवसायाचे ग्राहक केवळ कुटुंबे नसून शाळा, ग्रामपंचायती व कार्यालयेही आहेत. त्यांनी काम देताना लेबलवरील सहा बाबींचा कार्यादेशातच उल्लेख करावा. चकती किंवा पेनड्राइव्ह स्वीकारताना तो चालवून पाहावा, लेबल पडताळावे आणि संस्थेच्या नोंदवहीत त्याची नोंद घ्यावी. शिक्षकांना विद्यार्थ्यांच्या साह्याने कपाटातील अनामिक चकत्या पाहून त्यांना नावे देण्याचा उपक्रम एखाद्या शनिवारी हाती घेता येईल. ज्यांना ते चेहरे व प्रसंग ओळखता येतात अशी माणसे गावात आहेत, तोवरच हे काम होऊ शकते.

ग्रामसभेचे कामकाज, श्रमदानातून बांधलेला बंधारा, निवृत्त झालेल्या गुरुजींचे अखेरचे भाषण यांची दुसरी प्रत अन्यत्र कोठेही नसते. गावाचा हा ठेवा घडविण्याचे व सांभाळण्याचे काम घरगुती व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीच्या हाती आलेले आहे. त्यासाठी महागडी यंत्रसामग्री लागत नाही. योग्य मार्कर, ए-फोर कागद, एक नोंदवही आणि प्रत्येक चकतीवर संपूर्ण ओळख लिहिल्याखेरीज ती हातावेगळी न करण्याचा नियम एवढी सामग्री त्यास पुरेशी आहे.